आरती आमची, मग लायसन्स कोणाचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यात आमचं घुमट आरतीचं, म्हणजे मातीचं घुमट वाजवून आरत्या गाणारं, पथक आहे. जुन्या आरत्या गातोच, पण काही नव्याही केल्यात. शब्द माझे, चाल चुलतभावाची. त्यातल्या सात-आठ आरत्या भाड्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड करून यूट्यूबवर आणि साउंडक्लाउडवर फुकट टाकल्या आणि खाली लिहिलं, ‘कोणीही वापरा.’ देवाचं गाणं विकायचं कशाला, असं माझं मत. आता तीन भानगडी एकदम झाल्यात. कळंगुटच्या एका रिसॉर्टच्या लॉबीत चवथीच्या दिवसांत आमची आरती सकाळ-संध्याकाळ वाजत होती, आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याच रिसॉर्टने पुढच्या महिन्यात आम्हाला कार्यक्रमाला बोलावलंय, पण मॅनेजर म्हणतो गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या सोसायटीचं लायसन्स लागेल, ते पैसे तुमच्या मानधनातून कापू. आमचीच गाणी गायला? आणि वर एका अनोळखी कंपनीने आमच्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा टाकलाय. भाऊ म्हणतो, सोसायटीचे सदस्य होऊ, सगळं सरळ होईल. मी म्हणतो, सदस्य झालो की फुकट द्यायची सोय संपली. घरात बोलणं बंद व्हायची वेळ आलीय. कोणाचं खरं?

– एक घुमटवाला, डिचोली

नमस्कार.

तुम्हा दोघांचंही खरं आहे. मॅनेजरचं मात्र खरं नाही, आणि कार्यक्रम पुढच्याच महिन्यात असल्यामुळे आधी त्याचं बघू.

तुम्ही प्रत्यक्ष बसून गाणार, वाजवणार. तिथे रेकॉर्डिंगचा प्रश्नच येत नाही, प्रश्न फक्त शब्दांचा आणि चालीचा. शब्द तुमचे, चाल भावाची, आणि ते हक्क तुम्ही आजवर कोणत्याही संस्थेला दिलेले नाहीत. मग त्या रचनांचे पैसे कुठलीही संस्था मागू शकत नाही. परंपरेने आलेल्या जुन्या आरत्यांचंही तसंच. कर्ता जाऊन साठ वर्षं उलटली की रचना सगळ्यांची होते आणि समर्थांना जाऊन तर तीन शतकं लोटली. तुमचं आटोपल्यावर तिथला डीजे हिंदी गाणी लावणार असेल तर त्याचं लायसन्स हॉटेलला लागेल, पण तो हॉटेलचा खर्च. तुमच्या मानधनाशी त्याचा संबंध नाही.

आता एक खरं सांगा. तुमच्या यादीत सिनेमाच्या चालीवर बसवलेली एखादी आरती आहे का? शब्द बाप्पाचे आणि चाल जुन्या हिंदी गाण्याची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. घरोघर फिरताना रात्री दोन वाजता तशी एखादी आरती सुरू झाली की पेंगणारी पोरंही उठून झांज मागतात. घरी, देवळात ते चालून जातं. रिसॉर्टमध्ये चालणार नाही, कारण ती चाल दुसऱ्याची आहे आणि बहुधा तिचे हक्क एखाद्या संस्थेकडेच असतील. अशी आरती त्या दिवशी यादीतून काढा. आणि ती तुम्ही ‘कोणीही वापरा’ म्हणून नेटवर टाकली असेल तर ती ओळ आजच पुसा. दुसऱ्याची चाल फुकट वाटायची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही.

मॅनेजरला तोंडी काही सांगत बसू नका. पथकाच्या कागदावर गायच्या आरत्यांची यादी लिहा. प्रत्येकीपुढे ‘पारंपरिक’ किंवा ‘शब्द अमुक, चाल तमुक’ असं लिहा आणि खाली एवढंच: ‘वरील नव्या रचनांचे हक्क आमच्याकडे आहेत, आम्ही कोणत्याही कॉपीराइट संस्थेचे सदस्य नाही, या कार्यक्रमात त्या सादर करण्यास आमची परवानगी आहे.’ दोघांच्या सह्या, तारीख. एक प्रत मॅनेजरला, एक तुमच्याकडे. उद्या कोणी वसुलीला आलं तर मॅनेजरला दाखवायला कागद हवा असतो, आणि खरं सांगायचं तर त्याची भीतीही तेवढीच असते.

‘देवाचं आहे, मग सूट आहे’ असं मात्र त्याला सांगू नका. सूट आहे, पण ती खऱ्या धार्मिक विधीला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि सरकारी समारंभ यांना मोकळीक दिली आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळेही त्यात येतात. पाहुण्यांच्या जेवणाबरोबर हिरवळीवर ठेवलेली आरती हा विधी आहे असं न्यायाधीशांना पटवून द्यायची पाळी आपल्यावर येऊ नये. लग्नांच्या बाबतीतही आपल्या गोव्यात काय झालं ते आठवा. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलं की लग्नसमारंभात गाणी वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसे मागणाऱ्यांवर कारवाई करा. हक्कदार न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यातली सूट जागेवरच आहे, फक्त तिचा अर्थ परिपत्रक काढून ताणता येत नाही. हॉटेलवाले तेव्हापासून जास्तच धास्तावलेत, तुमचा मॅनेजर त्यातलाच एक असणार.

आणि तो ‘सोसायटी’ म्हणतो ती नेमकी कुठली, हे त्याला तरी ठाऊक आहे का? शब्द आणि चालीचे पैसे गोळा करते आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची. रेकॉर्डिंगचे हक्क कंपन्यांचे. त्यासाठी पीपीएल आणि आरएमपीएल अशा दोघी आहेत. त्यांपैकी आरएमपीएलची कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी आहे, पीपीएलची नाही, आणि नोंदणी नसताना लायसन्स देता येतं का हा वाद २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इस्रा होती, तीच पुढे इसामरा झाली. तुमच्या भावाला जिचं सदस्य व्हायचंय ती आयपीआरएस.

भावाला लोभी ठरवू नका. आपल्या मातीतल्या माणसांनी तरी नाहीच ठरवू. मुंबईच्या हिंदी सिनेसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात, त्यातल्या व्हायोलिनच्या ओळी, ट्रम्पेटचे तुकडे, अख्ख्या ऑर्केस्ट्राची बांधणी गोंयकारांची. सेबॅस्टियन डिसोझा, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. त्यांना मेहनताना मिळाला आणि तिथेच हिशेब मिटला. गाणी आजही वाजतात. संगीतकारांची अवस्थाही फार वेगळी नव्हती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि करारात वेगळं काही नसलं, तर हक्क निर्मात्याचा. हे बदलायला २०१२ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं. आता कंपनीने ‘सगळे हक्क’ लिहून घेतले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लिहून घेता येत नाही. तो द्यायचा तर फक्त वारसांना, नाहीतर वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफएम वाहिन्यांनाही हेच सुनावलं, की गाणं वाजवाल तर शब्द आणि चालीची रॉयल्टी द्यावी लागेल. रेडिओविरुद्धची ही लढाई संस्थेने लढली. एकटा संगीतकार प्रत्येक रेडिओच्या, प्रत्येक हॉटेलच्या दारात जाऊ शकत नाही, म्हणून संस्था लागते.

पण तुमची शंकाही बरोबर आहे. सदस्य होणं म्हणजे नुसतं नाव नोंदवून पावती घेणं नव्हे. तुम्ही करारावर सही करता आणि रचना जाहीरपणे सादर करण्याचे, लोकांपर्यंत पोचवण्याचे हक्क संस्थेच्या नावे करता. आजच्या रचनांचे, आणि सदस्य असेपर्यंत पुढे होणाऱ्यांचेही. एकदा तो हक्क संस्थेचा झाला की त्याचं लायसन्स तुम्ही कसं देणार? कायदाही तेच म्हणतो: परवानगी हक्काचा मालकच देऊ शकतो. कलम १९ मध्ये २०१२ साली आणखी एक वाक्य घातलं गेलं, ते सदस्य व्हायला निघालेल्या प्रत्येकाला मी मोठ्याने वाचून दाखवते. सदस्याने संस्थेला आधी दिलेल्या हक्कांच्या अटींविरुद्ध पुढे कोणालाही हक्क दिले, तर ते देणंच रद्दबातल. म्हणजे भाऊ आज सदस्य झाला आणि उद्या नव्या आरतीखाली त्याने ‘कोणीही वापरा’ लिहिलं, तर ती ओळ टिकेल याची खात्री नाही. विश्वास ठेवून आरती वापरणारं एखादं मंडळ उगाच अडचणीत यायचं. संस्थेला दिलेली संमती मागे घ्यायची सोय कायद्यात आहे, पण करारामुळे संस्थेला मिळालेल्या हक्कांना धक्का न लावता.

ही अडचण जगभर आली. नेदरलँड्समधल्या बुमा-स्टेमरा या संस्थेने २००७ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळे परवाने तयार करणाऱ्या संस्थेबरोबर प्रयोग केला, सदस्यांना बिगरव्यापारी वापर मोकळा सोडायची मुभा दिली. पुढे २०१४ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला की सदस्याला बिगरव्यापारी वापराची परवानगी स्वतः देता आली पाहिजे. अमेरिकेत अ‍ॅस्कॅप या संस्थेला सदस्याचे हक्क फक्त स्वतःपुरते राखून घेता येत नाहीत, सदस्य थेटही परवानगी देऊ शकतो. आपल्या कायद्यात मालकाला स्वतः लायसन्स देता येतं, पण सदस्य म्हणून संस्थेशी बांधून घेतलेल्या अटींच्या आतच. बिगरव्यापारी वापराचं वेगळं कलम नाही. म्हणून सही करण्याआधी संस्थेला लेखी विचारायचं: आम्ही आधीच मोकळ्या केलेल्या या आरत्या करारातून वगळता येतील का? पुढच्या काही रचना बिगरव्यापारी वापराला मोकळ्या ठेवता येतील का? उत्तरही लेखी घ्यायचं. फोनवर कोणी ‘हो हो, चालतं’ म्हणालं तर त्याला काही किंमत नाही.

तुमच्या पत्रातच एक वाट आहे, ती तुम्हा दोघांच्या नजरेतून सुटलीय. आपल्या कायद्यात शब्द आणि चाल ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या मालकांची. भाऊ सदस्य झाला म्हणून तुम्हाला व्हावं लागत नाही. भाऊ आणखी काय करतो ते तुम्ही लिहिलं नाही. तो नाटकांना पार्श्वसंगीत देत असेल, जाहिराती, मालिका, शिगम्याच्या चित्ररथांची गाणी करत असेल आणि यावरच पोट भरायचा त्याचा विचार असेल, तर त्याने सदस्य व्हावं असं मी म्हणेन. आज ना उद्या त्याचं काम रेडिओवर, मोठ्या प्लॅटफॉर्मवर जाईल आणि तिथले पैसे त्याला एकट्याने कधीच गोळा करता येणार नाहीत. पण फक्त या सात-आठ आरत्यांसाठी सदस्य व्हायचं असेल तर थांबा. हॉटेलं बहुधा वर्षाची ठोक रक्कम भरतात. लॉबीत कुठल्या दिवशी नेमकी कुठली आरती लागली, याची नोंद कोण ठेवतो? नोंद नाही तिथे वाटपात तुमचं नाव यायची शक्यता कमी. कळंगुटच्या लॉबीतले पैसे सोसायटीमार्फत डिचोलीत येतील, या भरवशावर भावाने सही करू नये.

तुम्हाला मात्र सदस्य व्हायची मला काही गरज दिसत नाही. तुमचं दुखणं वेगळं आहे. देवळातल्या पोराने तुमची आरती फुकट म्हटली तर तुम्हाला आनंद होतो आणि रिसॉर्टने फुकट वाजवली तर पोटात दुखतं. दोन्ही बरोबर, पण तुमची ती ओळ दोघांना एकच परवानगी देते. ‘कोणीही वापरा’ हे परड्याचं फाटक सताड उघडं टाकून, गुरं शिरली म्हणून बोंब मारण्यासारखं आहे. ती ओळ बदला. मी अशी लिहीन:

‘ही आरती घरी, देवळात, मंडळात, शाळेत कोणीही गावी, वाजवावी, आमच्या नावासह पुढे पाठवावी. हॉटेल, रिसॉर्ट, जाहिरात, तिकीट लावलेला कार्यक्रम, किंवा पैसे मिळवण्यासाठी केलेला कुठलाही वापर असेल तर आमची लेखी परवानगी घ्यावी.’

हेच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या भाषेत हवं असेल तर ‘श्रेय द्या, व्यापारी वापर नको’ असा त्यांचा तयार परवाना आहे. साउंडक्लाउडवर तो निवडायची सोयही आहे. त्यात बदल करू द्यायचे की नाही, हेही ठरवता येतं. माझा सल्ला, करू द्या. दुसऱ्या गावचं पथक ठेका बदलणारच आणि घुमटाच्या बाबतीत ते न करणारं पथक मला अजून भेटलेलं नाही. पण एक ध्यानात ठेवा. हा परवाना एकदा दिला की ज्यांनी घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही. म्हणून दोघांची संमती झाल्याशिवाय लावू नका. आणि लावलात, तर त्या आरत्या पुढे कुठल्याही संस्थेच्या करारात घालताना हे आधी उघड सांगा.

या सगळ्यासाठी घरात एक कागद लागतो, जो तुमच्याकडे नाही याची मला खात्री आहे. एका वहीत प्रत्येक आरतीचं एक पान करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कधी झाली, कुठे रेकॉर्ड केली, कोण गायलं, कोणी काय वाजवलं. पथकातल्या सगळ्यांच्या सह्या त्या पानावर घ्या, कारण गायक-वादकांनाही कायद्याने त्यांचे हक्क दिले आहेत आणि उद्या व्यापारी वापराचे पैसे आले की शामेळ वाजवणारा विचारणारच. रेकॉर्डिंगचे मालक तुम्ही, कारण पुढाकार आणि जबाबदारी तुमची होती, स्टुडिओने फक्त भाडं घेतलं. तरी भाड्याची पावती त्याच पानाला डकवा. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, रचना झाली की हक्क जन्मतो. हवीच असेल तर संगीतरचनेचं शुल्क पाचशे रुपये आहे. सगळ्यांची करत बसू नका, ज्या आरत्या जास्त चालल्यात त्यांची करा.

आता लॉबीचं. तुमची जुनी ओळ तिथे लिहिलेली होती, त्यामुळे झालेल्या वापराचे पैसे मागायला गेलात तर रिसॉर्ट तीच ओळ तुमच्यापुढे धरेल. मागचं सोडा. ओळ बदला, मग रिसॉर्टला साधं पत्र लिहा की अमुक तारखेपासून व्यापारी वापराला परवानगी लागेल, पुढच्या चवथीला आरती लावायची असेल तर वर्षाची इतकी रक्कम. आकडा तुम्ही ठरवा, पण कार्यक्रमाचं मानधन आणि हे पैसे एकात मिसळू देऊ नका. मॅनेजर ‘आम्ही तुम्हाला कार्यक्रम दिलाच ना’ म्हणेल. म्हणू दे.

यूट्यूबवरचा दावा बहुतेक असा झाला असणार: कोणीतरी तुमची आरती उतरवून घेतली, स्वतःच्या नावाने वितरण करणाऱ्या कंपनीकडे दिली आणि त्या कंपनीने ती यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकली. आता मशीनला तुमचा मूळ व्हिडिओच चोरीचा वाटतो. घाबरू नका, दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरचा ठपका, नाही. यूट्यूब स्टुडिओत जाऊन त्या दाव्यावर हरकत नोंदवा. मूळ रचना आणि मूळ रेकॉर्डिंग आमचं, कधी आणि कुठे केलं, आधी कुठे प्रसिद्ध केलं, एवढं दोन-तीन वाक्यांत लिहा. भावनिक निबंध नको. समोरच्याला ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात त्याने उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करा. तिथे मात्र पुरावा लागेल, म्हणून स्टुडिओतून सुट्या ट्रॅकची मूळ फाइल आणा. घुमटाचा वेगळा, आवाजाचा वेगळा, असे ट्रॅक त्या चोराकडे असूच शकत नाहीत. आणि यावर उपाय म्हणून आपणच आरत्या कंटेंट आयडीत टाकू, असं भावाने सुचवलं तर त्याला अडवा. मग तुम्ही ज्यांना ‘देवळात, शाळेत वाजवा’ म्हटलंय, त्यांच्याच व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जायला लागतील.

हरकत आजच नोंदवा. आरत्यांच्या वहीसाठी मात्र दोघं एका टेबलाशी बसा. चालीच्या रकान्यात भावाचं नाव तुम्ही लिहा, शब्दांच्या रकान्यात तुमचं त्याला लिहू द्या. कार्यक्रमानंतर मानधनातून काही कापलंच, तर कापल्याची पावती मागून मला पाठवा, आणि पैसे कुठल्या संस्थेच्या नावाने कापलेत ते तिच्यावर लिहिलेलं आहे का ते आधी बघा.